देवाच्या नावावर

६ मार्च, गुरुवार

तपासणीला रक्त दिलं. सात नळ्या! रक्त घेणाऱ्या पोरीला शीर सापडेना, दोनदा टोचलं. शेजारी वहिनी माझा दुसरा हात धरून पुटपुटत होती — जुळू दे प्रभू, जुळू दे. दादाच्या दोन्ही किडन्या गेल्यात. सख्खी बहीण एकच, म्हणजे मी. त्यामुळे मला विचारणं वगैरे झालंच नाही, सगळे धरूनच चाललेत.

मीही डोळे मिटले. काय म्हटलं ते इथेच लिहिते, दुसरीकडे बोलायची सोय नाही. म्हटलं, देवा, जुळू देऊ नकोस.

९ मार्च, रविवार

चर्चमध्ये उपासनेनंतर पाळकसाहेबांनी मला पुढे बोलावलं. अख्खी मंडळी उभी. खांद्यावर किती हात पडले कोण जाणे. शिवणकामवाल्या मावशी तर रडायलाच लागल्या. "ही बहीण आपल्या देहातलं देतेय." अजून दिलंय कुठे? शंभर माणसं एक मागतायत आणि मी मधोमध उभी राहून उलटं मागतेय. "आमेन" मात्र मोठ्यानं म्हटलं.

घरी नवऱ्यानं विचारलं, "एवढी गप्प का?" डोकं दुखतंय म्हटलं. नंतर खरंच दुखलं.

११ मार्च, मंगळवार

दुकानात घोळ. एका गुरुजींच्या चष्म्यात डाव्या डोळ्याचा नंबर उजवीकडे घातला. बावीस वर्षं काचा घासतेय, असं कधी झालं नाही. गुरुजी चष्मा लावून दारापर्यंत गेले आणि परत आले — "बाई, जमीन वर आलीय." मालक हसले. मला हसू आलं नाही.

भीती आहेच. भूल देणार, पोट कापणार, एकच उरणार, आणि उद्या तीही बिघडली तर? पण नुसती भीती नाही, राग आहे. आई अंथरुणाला खिळली होती ती चार वर्षं मी तिला उचललं, पुसलं, भरवलं. दादा महिन्यातून एकदा फळं घेऊन यायचा, तासभर बसायचा, आणि आई पुढचे आठ दिवस त्याचंच कौतुक करायची. तेव्हाही मला कुणी विचारलं नव्हतं. किती कोत्या मनाची आहे मी. माणूस जायला टेकलाय आणि मी जुनी फळं उकरून काढतेय.

१४ मार्च, शुक्रवार

जुळलं.

वहिनीचा फोन, नुसती रडत होती. मागून दादा — "तिला म्हणावं, नीट जेव." देवानं माझं ऐकलं नाही.

१७ मार्च, सोमवार

उरलेल्या तपासण्या झाल्या. शेवटी डॉक्टरबाईंनी घरच्यांना बाहेर बसवलं. प्रत्येक देणाऱ्याशी त्या एकांतातच बोलतात म्हणे. दार लावलं, पेन खाली ठेवलं. "द्यायची नसेल तर आत्ता सांगा. मी कागदावर एवढंच लिहीन, दाता म्हणून योग्य नाही. कारण कुणालाच सांगत नाही. नवऱ्यालाही नाही."

मला वाटलं होतं, देव हो म्हणेल नाहीतर नाही म्हणेल, आणि मी मुकाट मान खाली घालीन. हे तर माझ्याच गळ्यात आलं. दोन दिवस मागून घेतले.

१९ मार्च, बुधवार

काल रात्री पवित्र शास्त्र उघडून बसले, एक ओळ डोक्यात शिरेना. गुडघे टेकले, गुडघेच दुखले. पलीकडून काही नाही. भाजी करपली. मुलगी म्हणाली, "आई, तू कुणाशी भांडतेयस?"

आज सकाळी अकराला दुकानाच्या मागच्या खोलीतून फोन केला. म्हटलं, लिहा तसं. डॉक्टरबाई "बरं" म्हणाल्या. संपलं. जाऊन काचा घासायचं मशीन चालू केलं. रात्री जेवले, बऱ्याच दिवसांनी पोटभर.

२३ मार्च, रविवार

मी दाता म्हणून योग्य नाही, एवढं सगळ्यांना कळलंय. पाळकसाहेब म्हणाले, "प्रभूनं हे दार बंद केलं. का, ते तोच जाणे." मावशींनी माझ्याच पाठीवरून हात फिरवला — "तू तुझ्याकडून केलंस गं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दादा पहिल्या रांगेत. पाय सुजलेत, बूट चढत नाहीत म्हणून चपला घालून आलेला. प्रार्थनेला स्वतः उभा राहिला. "प्रभू, तू नाही म्हणालास. मला ते मान्य करायला शिकव."

अरे, तो नाही म्हणालाच नव्हता! त्यानं तर जुळवून दिलं होतं. नकार माझा, आणि मी तो बिनदिक्कत देवाच्या नावावर खपवला. आता दादा देवाशी झगडत बसलाय. शरीर तर त्याचं चाललंच आहे, विश्वासही मीच हिरावून घेतेय.

२४ मार्च, सोमवार

दादाचं डायलिसिस आठवड्यातून दोनदाचं तीनदा झालं. वहिनीनं सांगितलं, तक्रार न करता. तिनं दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

२६ मार्च, बुधवार

डायलिसिसच्या वेळेलाच गेले. वहिनीला म्हटलं, तू घरी जाऊन पड जरा. दादा पलंगावर, हाताला नळ्या, कुठे उठून जाऊ शकत नव्हता. मीही नाही. सगळं सांगितलं. जुळू देऊ नकोस म्हटलं होतं, तेसुद्धा. आईची चार वर्षंही तिथेच बोलून टाकली.

दादा म्हणाला, "म्हणजे देव नाही म्हणाला नव्हता."

"नाही. मी म्हणाले."

डोळे पुसले त्यानं. मला वाटलं, आता तोंड बघायचं नाही म्हणणार. तर म्हणाला, "मग ठीक आहे. तू नको देऊस. मला एवढं कळलं, पुरे."

नर्स येऊन मशीन बघून गेली. आम्ही दोघं उगाच तिच्याकडे बघत बसलो.

२७ मार्च, गुरुवार

डॉक्टरबाईंना फोन केला. म्हटलं, आधीचं खोडा. त्यांनी विचारलं, आता भीती वाटत नाही का?

वाटते, म्हटलं. तेवढीच वाटते. तारीख द्या.