कोऱ्या पाण्यातला फेस

ती. वन्संना,

सा. न. वि. वि. भाऊजींचा गुडघा आता जिना चढताना कुरकुरत नसेल, असं धरून चालते. तुमच्या खिडकीतली रोपं आणि आमची लेक, दोन्ही तुमच्या हाताखाली टवटवीत असणारच, तेव्हा वेगळं विचारत नाही. (विचारलंच म्हणा.) इकडे तुमचे बंधू ठीक. टिंगू शिकायला तुमच्याकडे आल्यापासून घर इतकं आवरलेलं असतं, की ते संध्याकाळी एखादी उशी मुद्दाम खाली टाकतात आणि मी ती मुद्दाम उचलत नाही.

पत्राचं कारण असं, की माझी ऑफिसात शोभा झाली आहे, आणि तुमच्या बंधूंनी फोनवर तिखटमीठ लावून सांगण्याआधी ती तुम्हाला माझ्याकडून कळलेली बरी. आमच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत गालिचे धुण्याच्या कारखान्यामागच्या ओढ्याचं पाणी आलं. ओढ्यावर फेस येतो अशी लोकांची तक्रार होती, आणि संशय नॉन-आयनिक सरफॅक्टंटवर. हे साबणाचेच चुलतभाऊ, पण यांच्यावर कुठलाच विद्युतभार नसतो, म्हणून शाम्पूपासून फरशी पुसायच्या द्रावणापर्यंत सगळीकडे जमवून घेतात. (तुमच्या धाकट्या काकांसारखे.) त्यांना पकडणाऱ्या मशिनच्या भट्टीत केसासारखी बारीक, लांबलचक नळी गुंडाळून ठेवलेली असते. नमुन्याची वाफ तिच्यातून सोडली, की हलके रेणू आधी बाहेर पडतात, जड मागून रेंगाळत येतात, आणि दाराशी बसलेलं दुसरं यंत्र प्रत्येकाचे तुकडे करून त्यांची वजनं घेतं. त्यावरून कूळ कळतं. जडांपैकी काही उडायलाच तयार नसतात, त्यांना आधी एका रसायनाची टोपी चढवावी लागते. (एरवी टोपी घालणं म्हणजे फसवणं. इथेही तेच, फक्त सरकारमान्य.)

नमुन्यासोबत एक बाटली नुसत्या शुद्ध पाण्याची चालवायची असते. तिला आम्ही कोरी म्हणतो, तिच्यात काही दिसता कामा नये. तर आमच्या कोरीच्या आलेखात कंगव्याच्या दातांसारखी ओळीने शिखरं. ओढ्याच्या पाण्यातही तोच कंगवा. साहेब म्हणाले, मशिन घाण झालंय. मग आम्ही नळी बदलली, काचसामान भट्टीत भाजलं, मेकॅनिक मशिनचं पोट उघडून पुन्हा शिवून गेला. कंगव्याचा एक दात पडला नाही. तिकडे कारखान्याला द्यायची नोटीस अडकली, आणि मालक रोज आमच्या बाकावर येऊन बसायला लागले. भांडत नसत, नुसते बसत.

शेवटी मी एकटीच तुकड्यांची वजनं पाहत बसले. कंगव्याच्या बाजूला एक बुटकं शिखर होतं, अत्तराच्या द्रव्याचं. मशिनला वास येत नाही, ते आकडे देतं. पण आकडे पाहिल्या पाहिल्या मला वास आला.

वन्सं, टिंगू जाताना तिचं हाताला लावायचं लोशन इथेच विसरली. मी ते सकाळी निघताना थोडंसं लावते. माझ्या हातांना काही त्याची गरज नाही. बसमध्ये वरचा दांडा धरला की मनगट नाकाशी येतं, आणि उतरेपर्यंत ती शेजारी उभी आहे असं वाटतं, एवढंच. प्रयोगशाळेत हातमोजे असतात, पण बाटल्यांची बुचं बसवताना पकड येत नाही म्हणून मी ते काढते. तिथे घोटाळा झाला. मी शुद्ध पाण्यात हात बुडवले आणि ते पाणी मशिनला दिलं. तोच कंगवा, आणखी उंच.

साहेबांना सांगायला गेले तर मालक तिथेच.

"लोशन कोणाचं?" साहेबांनी विचारलं.

"मुलीचं."

"मग तिचं तुम्ही कशाला लावता?"

मालकच म्हणाले, "साहेब, आमचा मुलगा परगावी गेला, तर आमची ही त्याचा कोरडा टॉवेल दर आठवड्याला धुते. एवढा गालिच्यांचा धंदा माझा, पण त्या टॉवेलला मला हात लावू देत नाही."

साहेब चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "अहवालात 'हाताळणीतील दोष' लिहा. बाकी नको."

मी हात स्वच्छ धुऊन सगळं नव्याने केलं. कोरी कोरी निघाली. ओढ्यात मात्र फेस होताच, निराळ्या कुळाचा, आणि तो कारखान्याचाच. नोटीस गेली, माझ्या हातांचं पाप वजा करून. मालकांनी ती घेतली, गाळणीची टाकी बांधतो म्हणाले, आणि जाताना मला विचारलं, "मुलगी कधी येणार आहे?" लोशनची बाटली साहेबांनी पुरावा म्हणून घरून आणायला लावून कपाटात ठेवली आहे. मागायला धीर होत नाही.

पत्र लांबलं. घरात ज्याला त्याला मानाप्रमाणे नमस्कार नि आशीर्वाद पोचवा. आमची काळजी नको, आम्हाला आता सवय झाली आहे.

तुमची भावजय

ता. क. टिंगूला यातलं काही सांगू नका. ती म्हणते, "आई, परीक्षा होईपर्यंत येऊ नकोस, तू आलीस की मी नुसती बोलत बसते." तिचं बरोबर आहे.

ता. क. सवय झाल्याचं वर लिहिलंय ते तितकंसं खरं नाही. तर एक विनंती. तुमची कंबर थोडी धरू शकेल का? फार नको, बेतानं. म्हणजे मला यावंच लागेल. भाऊजींना आधी कल्पना द्या, नाहीतर ते डॉक्टर बोलावतील.

ता. क. रजेच्या अर्जात 'नणंदेची कंबर' लिहून झालं आहे आणि साहेबांनी सहीही केली. तेव्हा कृपया गुरुवार सकाळपासून दुखायला लागू द्या.