हात थरथरतात म्हणे

१२ जून
चि. धाकट्यास,
अ. आ.
माझे हात थरथरतात. मला कालच कळलं, खालच्या औषधवाल्याकडून. त्याला न्हाव्याकडे कळलं, न्हाव्याला बसथांब्यावर. वाक्य सगळीकडे एकच: डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई देवमाणूस आहेत, पण हल्ली हात थरथरतात हो. तो सुस्काऱ्याचा 'हो'सुद्धा तोच! इतकं चोख पाठांतर आमच्या वर्गात कुणाचं नव्हतं.
समोर चकचकीत नेत्रालय उघडलं आणि माझे हात बिघडले, हा निव्वळ योगायोग. मोतीबिंदूच्या नऊ शस्त्रक्रिया रद्द झाल्या. आमच्या नर्सचा स्वेटर मात्र झपाट्याने वाढतोय.
आईला वीसला आण. तिचा डोळा आता थांबणार नाही.
लोभ असावा, संशय असल्यास कळवावा.
तुझी ताई

१७ जून
ती. ताईस,
शि. सा. न.
रागावू नकोस, पण वीसला येत नाही. इथे सासरेबुवांच्याही कानावर तेच आलंय. माझा विश्वास नाहीच गं. पण डोळ्याचा मामला, म्हणून दुसरीकडे नुसतं दाखवून घेतो. तुझ्याकडे गर्दी आहे, असं आईला सांगितलंय.
माया पातळ करू नकोस.
धाकटा

२८ जून
चि. धाकट्यास,
अ. आ.
तुझा विश्वास पोचला. कपाटात जपून ठेवलाय.
परवा एक बाई आली. मोतीबिंदू पिकलेला, शस्त्रक्रिया माझ्याच हातून हवी म्हणाली. मला भरूनच आलं. माझ्या हातांबद्दल ऐकलं नाही का, असं विचारलं, तर ओशाळून म्हणाली, की ऐकलं कसलं, तीच सांगत फिरते. समोरच्या नेत्रालयाच्या व्यवस्थापकाने अशा सहाजणी रोजावर ठेवल्यात; वाक्य घोकून घेतलं, बसथांबे वाटून दिले. मग तिकडेच का नाही गेली? तर म्हणे, तिथल्या डॉक्टरांचं तिला काही ठाऊक नाही. माझे हात धड आहेत हे मात्र पक्कं ठाऊक आहे.
अख्ख्या गावात माझ्यावर भरवसा असलेली ही एकटी! काल तिचा डोळा केला. आज पट्टी निघाल्यावर तिने सगळं लिहून सही दिली. कागद वैद्यक परिषदेकडे गेला.
आशीर्वाद आहेतच, लायकी तुझी तू बघ.
ताई

३ जुलै
ती. ताईस,
शि. सा. न.
तुझं पत्र आईने शेजारच्या काकूंकडून वाचून घेतलं. लगेच पिशवी भरली. आज सकाळच्या बसने काकूंबरोबर निघाली आहे. मी येतो म्हटलं, तर नको म्हणाली. बस सुटताना मात्र खिडकीतून सांगितलं, की डोळा झाला की तिला आधी माझं तोंड नीट पाहायचंय. इतकी वर्षं अंधुकच दिसलं.
जमल्यास क्षमा, न जमल्यास चार शिव्या पाठव.
धाकटा