मागच्या सीटवरचं ऊन

माय, आणि तुझ्यासारख्याच पिकअपच्या मागच्या सीटवर बसून सभांना गेलेल्या सगळ्या बायांनो,

गाडी गार झाली की नाही, हे आजवर पुढच्या सीटवरच्या माणसानंच ठरवलं. त्याच्या तोंडावर वारा लागला की गाडी गार झाली. मागं तिघीचौघी गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या असतात. त्यांच्यापर्यंत वारा पोचला का, हे मान वळवून कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

बघ, तुला एकटीला लिहायला बसलो आणि सुरुवात सभेसारखी झाली. तुला हे आवडत नसे. घरात मी पाणी मागितलं तरी तू म्हणायचीस, "हळू बोल, हितं कुणी टाळ्या वाजवणार न्हाई." तुला जाऊन इतकी वर्षं झाली तरी मला हळू बोलायला जमलेलं नाही. आज प्रयत्न करतो.

मे महिन्यातला तो चुडाव्याच्या सभेचा दिवस तुला आठवत असणार. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या बायांची सभा होती आणि मागणी साधी होती: कामाच्या जागी सावली हवी, प्यायला पाणी हवं. आपल्या गावाहून पाथरी, परभणी, पूर्णा करत जायचं म्हणून कार्यकर्त्यांनी दोन कप्प्यांची एक पिकअप मिळवली होती. पुढं दोघांची जागा, मागं बाकासारखी अरुंद सीट, आणि तिच्या पाठीला लागून लोखंडी हौदा. हौद्यात मंडपाचे बांबू आणि लाउडस्पीकरचे कर्णे. मी पुढं बसलो. त्याची चर्चासुद्धा झाली नाही. बाया पुढं बसत नाहीत आणि वक्ता मागं बसत नाही, हे आपल्याकडं कुणी कुणाला शिकवावं लागत नाही. मागं तू, शेजारची मावशी आणि मावशीची सून. मावशी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा माइकवर बोलणार होती. कामावर दुपारी काय होतं, ते तिनं सांगायचं, असं ठरलं होतं.

गावाबाहेर पडताच ड्रायव्हरनं विचारलं, "एसी लावू का भाऊ?" मी नको म्हणालो. भाषणाआधी गार हवा लागली की गळा बसतो, असं मला एका जुन्या वक्त्यानं सांगितलं होतं आणि मी ते मंत्रासारखं पाळत होतो. तोंडात ज्येष्ठमधाची काडी, गळ्याभोवती ओला पंचा. परभणीच्या पुढं रस्त्याचं काम चालू होतं, धुळीचे लोट उठत होते. धूळही गळ्याला वाईट, म्हणून मी सगळ्या काचा वर घ्यायला लावल्या. ड्रायव्हर माझ्याकडं बघून म्हणाला, "तुमच्या गळ्याचं ठीक है भाऊ, पर मागं अम्मा लोकांचं काय?"

मी म्हणालो, "उन्हात काम करणाऱ्या बाया आहेत त्या. त्यांना सवय आहे."

मागून मावशी हसत म्हणाली, "तव्यावरली भाकर उलथत्यात तरी. हितं उलथायलाबी जागा न्हाई." तिची सून हसली, मीही हसलो. वाक्य झकास होतं, ते मी भाषणासाठी मनात ठेवून दिलं. वाक्यामागची बाई भाजत होती, ते माझ्या डोक्यात आलं नाही. मग सून काच उघडायला लागली तेव्हा तू तिला अडवलंस. हळूच बोलत होतीस, पण मला ऐकू आलं: "उगं बस गं. धूळ जाईल त्याच्या घशात. आपल्यासाठीच बोलणार हाय त्यो." खरं सांगतो माय, ते ऐकून मला अभिमान वाटला.

पूर्णेच्या अलीकडं मी आरशात पाहिलं. तुम्ही तिघी एकमेकींच्या अंगावर वाकला होता. सुनेचं डोकं मावशीच्या मांडीवर, मावशीचं तुझ्या पदराखाली, आणि तू सुनेच्या पाठीवर कपाळ टेकवलेलं. मी ड्रायव्हरला म्हणालो, बघ, कशा निवांत झोपल्यात.

हे मी म्हणालो, मेंढरांच्या घरात वाढलेला मी. लहानपणीची ती दुपार आजही माझ्यासमोर उभी राहते. कापणी झालेलं मोकळं रान, कुठं झाड नाही. आपली मेंढरं चालता चालता थांबतात, गोल करतात आणि एकमेकींच्या पोटाखाली मुंडकी घालून उभी राहतात. मी खुश होतो, कारण कळप शांत झाला की मला खेळायला मिळतं. मी म्हणतो, माय, झोपली बघ. तू काठी माझ्या हातातून काढून घेतेस आणि म्हणतेस, "झोपली न्हाईत ती. ऊन सोसंना की असं करत्यात. आता ह्यांला पाण्यावर न्यायचं, दुसरं काय न्हाई." मेंढीला दुसऱ्या मेंढीची सावली पुरत नाही, पण तेवढीच असते म्हणून ती घेते. हे मला पुस्तकात वाचावं लागलं नव्हतं. पुढं मी पुष्कळ वाचलं, श्रमावर आणि शोषणावर तासतासभर बोलायला शिकलो, आणि आरशात दिसलेलं एवढं एक चित्र मला ओळखता आलं नाही.

चुडाव्यात गाडी थांबली. मावशी दार धरून उतरली आणि तिथंच कोसळली. उलटी झाली. बायांनी तिला उचलून निंबाखाली नेलं. तू पदर भिजवून तिच्या मानेवर ठेवलास, कुणीतरी कांदा ठेचून आणला तो तळपायांना चोळलास. मी तिथं क्षणभर थांबलो. मग मंचावरून माझं नाव पुकारलं गेलं आणि मी गेलो.

त्या दिवशीचं भाषण तू ऐकलंस. मजुरांना उन्हाची सवय असते, असं एक साहेब म्हणाले होते. मी त्या साहेबांची नक्कल केली, त्या वाक्याच्या चिंधड्या केल्या. सवय कुणालाच होत नाही, असं ओरडून सांगितलं. काचा वर करताना मी तेच वाक्य बोललो होतो, हे मला त्या वेळी आठवलंसुद्धा नाही. मग मी निंबाकडं बोट केलं. "ती बघा, उन्हानं पाडलेली बाई. कामावर सावली असती तर आज ती इथं उभी राहून तुमच्याशी बोलली असती." सगळी सभा मागं वळली. बाया रडल्या, टाळ्या पडल्या. मावशी त्या दिवशी कामावर गेलीच नव्हती. सकाळी डोकं धुऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून ती माझ्या गाडीत बसली होती.

परत आल्यावर तू चुलीपुढं बसलीस. पिठलं ढवळताना माझ्याकडं न बघता म्हणालीस, "ती कामावर पडली न्हाई. तुझ्या गाडीत पडली."

मी चिडलो. तत्त्व सांगायला लागलो. आज गाडीत पडली, काल कामावर दुसरी कुणी पडली असेल, उद्या तिसरी पडेल. मागणी खरी आहे की नाही, एवढंच सांग.

तू ताट माझ्यापुढं सरकवलंस. "मागणी खरी हाय. मग तिला खोटं कशाला जोडलंस?"

मी जेवलो नाही. तू आग्रह केला नाहीस.

पुढच्या सभेला तू पोत्याचा एक तुकडा पाण्यात भिजवून आणलास आणि मागच्या काचेला आतून लावायला लागलीस. मी म्हणालो, माय, ही गाडी सभेला चालली आहे, बाजाराला नाही. तू तो तुकडा पिळलास, घडी घातलीस आणि खाली उतरलीस. "तुमी जा. मी येष्टीनं येते. तिला खिडक्या हायत." त्यानंतर तू माझ्या कुठल्याही गाडीत बसली नाहीस. एसटीनं यायचीस, उशिरा पोचायचीस, गर्दीच्या कडेला उभी राहायचीस. आणि मी निंबाखालच्या बाईची गोष्ट सुरू केली की तू पाणी प्यायला निघून जायचीस. ते मला मंचावरून दिसायचं. थोड्याच वर्षांत तू दुसऱ्याच दुखण्यानं गेलीस. मी गोष्ट सांगत राहिलो. माझी तीच गोष्ट लोकांना सगळ्यात जास्त लक्षात राहते. ती ऐकून कितीतरी ठिकाणी बाया कचेरीवर गेल्या, कामावर ताडपत्र्या बांधल्या गेल्या, पाण्याचे माठ आले. खोटं फुकट गेलं असतं तर सोडून देणं सोपं होतं. ते कामाला आलं.

गेल्या महिन्यात एका म्हाताऱ्या पाहुण्यांना पुढची जागा द्यावी लागली आणि मी पहिल्यांदा मागं बसलो. आता आमची पिकअप नवी आहे. गळ्याचं ते खूळही डॉक्टरांनी हसून काढून टाकलं, त्यामुळं एसी चालू असतो. पण वाऱ्याच्या सगळ्या जाळ्या पुढं. मागं फक्त सीटांच्या मधून चुकून आलेला वारा. मागच्या काचेतून ऊन थेट मानेवर, पाठीमागचा पत्रा शेगडीसारखा, पाय सरळ करायला जागा नाही. पाहुणे मध्येच म्हणाले, "गाडी छान गार झाली." माझा सदरा सीटला चिकटला होता. मला त्यांना सांगता आलं नाही. पुढच्याला सांगायचा संकोच किती मोठा असतो, ते मला या वयात कळलं.

आता निघायच्या आधी मी चारही दारं उघडून आतली वाफ जाऊ देतो. पुढच्या जाळ्या वर उचलून मधल्या फटीकडं वळवल्या आहेत, पंखा मोठा ठेवतो, सीटांच्या मध्ये एक छोटा पंखा बसवून घेतला आहे, म्हणजे वारा ढकलला जाऊन मागं पोचतो. मागच्या काचेला वाळ्याचा पडदा आहे, तो भिजवतो. तुझं पोतंच ते, जरा महाग झालेलं. मागच्या बाया म्हणतात, भाऊ आता सुधारले. मी ते ऐकून घेतो.

उद्या पुन्हा चुडाव्याला सभा आहे. मावशी येणार आहे, थकली आहे पण येणार आहे. तिच्यासाठी मागची सीट गार असेल, याची खात्री देतो. मंचावर माझ्या तोंडून काय निघेल, याची देत नाही. समोर गर्दी दिसली की ती गोष्ट आपोआप येते. म्हणून बायांनो, तुमच्याकडं एक मागणी आहे. उद्या मी निंबाकडं बोट केलं की तुमच्यातल्या एकीनं उठून उभं राहायचं आणि मोठ्यानं विचारायचं: भाऊ, ती बाई कुठं बसून आली होती?

हे मी त्यांच्यातल्या एकीलाही सांगितलेलं नाही, माय. तुला लिहिलं, कारण तू उठून उभी राहणार नाहीस.