चौदा नंबरचा पहिला आकडा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकतीस, अविवाहित, अग्निशमन केंद्रात श्वसनसंच तपासणारी तंत्रज्ञ, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना, कुणाच्या सांगण्याला किंवा धाकाला बळी न पडता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. माझी तब्येत ठीक आहे. "जीव द्यायचा विचार आहे का?" हा प्रश्न आमच्या बुधवारच्या गटात आडवळणं न घेता विचारायचा नियम आहे. हे लिहायला घेतल्यावर तो मलाही विचारला गेला. उत्तर नाही असं आहे आणि ते खरं आहे.

लिहायचं सुचवलं ते फौजींनी. ते सैन्यातून निवृत्त झालेले आहेत. प्रत्येक बदलीआधी त्यांनी असा कागद केला होता आणि त्याने झोप बरी लागते असं त्यांचं म्हणणं आहे. गटातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. लिहिलं मी एकटीने.

१. घर. माझ्या नावावरचं दोन खोल्यांचं घर आईला मिळावं. स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर दर आठ महिन्यांनी बदलावा लागतो. जादा वायसर दुसऱ्या ड्रॉवरमध्ये आहेत. कुकर आईचाच आहे, तो वाटणीत धरू नये. गेली दोन वर्षं तिने त्याची शिट्टी होऊ दिलेली नाही. वाफ धरली की गॅसपाशी उभी राहते आणि वेळेआधी बंद करते. अन्न कधी कधी कच्चं राहतं, आम्ही दोघी ते निमूट खातो. तिने मला कारण विचारलेलं नाही. माझ्यामागे कुकर खुशाल वाजू द्यावा.

२. बँकेत जे असेल ते आईला. थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, त्यात लक्ष घालू नये. दादाला मी त्याचंच एक वाक्य परत करते. कलम पाचमध्ये जे लिहिलं आहे ते मी फक्त त्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, "अहवालात तुझं नाव आहे का? नाही ना? मग विषय संपला." विषय संपला नाही. वाक्य त्याने ठेवून घ्यावं.

३. हत्यारं. पान्यांचा संच, तपासणीचा दाबमापक आणि भिंग माझ्या जागेवर येणाऱ्या तंत्रज्ञाला द्यावं, सोबत ही सूचनाही. जवान आगीत शिरताना पाठीवर हवेचा सिलिंडर घेतात. भरलेल्या सिलिंडरचा दाब तीनशे बार असतो. तो पंचावन्नवर उतरला की शिट्टी वाजते: परत फिरा. पन्नास ते साठच्या बाहेर वाजली तर संच बाजूला काढायचा. एकाच संचाची दोनदा चाचणी घेतलीत तर पहिला आकडा खरा. दुसऱ्या वेळी झडप सैल झालेली असते आणि यंत्र तुम्हाला हवं ते सांगतं.

४. गट. बुधवारी संध्याकाळी पाचला केंद्राच्या प्रशिक्षण खोलीत माजी सैनिक, जवान, रुग्णवाहिकेवरचे लोक आणि फोन घेणारे जमतात. हा गट मी सुरू केला. सूचनाफलकावर एक ओळ लावली होती: बोलायचं असेल तर या, नसेल तरी या. पहिले चार बुधवार फौजींशिवाय कुणी आलं नाही. आम्ही दोघं अकरा रिकाम्या खुर्च्यांसमोर चहा प्यायचो. ते त्यांच्या धाकट्या भावाविषयी बोलायचे, मी ऐकायचे. पाचव्या बुधवारी रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर आला, दारातच थबकला आणि म्हणाला, "कुणी मेलंय की कुणाचं लग्न ठरतंय?" फौजी हसले. गट तेव्हा सुरू झाला असं मी मानते.

खोलीची किल्ली, किटली आणि घडीच्या तेरा खुर्च्या कंट्रोलच्या ताईंना द्याव्यात. त्या आणीबाणीचे फोन घेतात. लोकांचं शेवटचं बोलणं त्यांच्या कानात असतं. किटली शिट्टीची घेऊ नये. दाराजवळची खुर्ची दर बुधवारी रिकामी ठेवावी. ज्याला बसवत नाही त्याने तिथे बसायचं, ज्याला उठावंसं वाटेल त्याने उठून जायचं, आणि मागे कुणी जायचं नाही.

५. वही. निळ्या पुठ्ठ्याची कच्ची वही माझ्या मृत्यूनंतर फौजींना द्यावी. खूण घातलेल्या पानावर बावीस संचांचे आकडे आहेत. चौदा नंबरसमोर दोन आहेत: एकोणपन्नास, एकावन्न. रजिस्टरमध्ये मी फक्त एकावन्न लिहिला.

तेव्हा पाळी बदलायची वेळ झाली होती. फौजींचा धाकटा भाऊ आमच्या केंद्रात जवान होता, इथेही सगळ्यांत लहान, म्हणून इथेही धाकटाच. तो माझ्या टेबलाला टेकून उभा होता. म्हणाला, "ताई, आटप. तुझ्या शिट्ट्या ऐकून गल्लीतली कुत्री जमतील." चौदा नंबरचा पट्टा त्याच्या खांद्याला बरोबर बसायचा, त्याला तोच हवा होता. मी दुसरी चाचणी घेतली. एकावन्न आलं. मी सही करून संच त्याच्या हातात दिला. बाजूला काढला असता तर त्याने सतरा नंबर घेतला असता. सतरा पंचावन्नला वाजत होता.

त्याच दिवशी गोदामाला आग लागली. तो दरवाजाच्या आत नऊ पावलांवर सापडला. चौकशीत निघालं की तुळई कोसळली, उपकरणं नियमात होती. ती नियमात होती कारण मी तसं लिहिलं होतं. पंचावन्न ते एकोणपन्नास या फरकाची हवा, धावणाऱ्या माणसाला, साधारण एक मिनिट पुरते; शिट्टी तेवढी उशिरा वाजली असणार. नऊ पावलांना एक मिनिट लागत नाही. तुळई आधी पडली की हवा आधी संपली, हे मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही.

चौकशीनंतर चौदा नंबर परत आला. तो खुंटीवर आहे. जवान तेरानंतर पंधरा उचलतात. मी दर सोमवारी त्याची चाचणी घेते. एकशे चार सोमवार झाले, तो प्रत्येक वेळी पंचावन्नला वाजतो. एकदाही चुकलेला नाही.

६. कलम पाच रद्द. कारण पुढीलप्रमाणे.

सहीला दोन साक्षीदार लागतात. मी फौजींना विचारलं. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, सही डोळ्यांदेखत झाली की पुरे, हे मी वाचून ठेवलं होतं. ते पेन काढून बसले. मग म्हणाले, "यात माझ्या नावाने काही ठेवलंयस का? असेल तर मी साक्षीला चालत नाही."

हा नियम मला माहीत नव्हता. मी हो म्हटलं.

"काय?"

मी वही दिली. हे मी मेल्यावर व्हायचं होतं.

त्यांनी पान वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग विचारलं, "पहिल्यांदा एकोणपन्नास?" मी हो म्हटलं. धाकट्याला माहीत होतं का, असं विचारलं. नाही म्हटलं.

"चार बुधवार आपण दोघंच होतो. तेव्हा का नाही बोललीस?"

"तुम्ही यायचं बंद केलं असतं."

"केलं असतं," ते म्हणाले. उठून दाराजवळच्या खुर्चीत बसले. थोड्या वेळाने निघून गेले. मी मागे गेले नाही.

पुढच्या बुधवारी ते आले नाहीत. मी कलम पाच गटासमोर वाचून दाखवलं. ड्रायव्हरने माझा गार झालेला चहा ओतून दुसरा आणून दिला. त्याच्या पुढच्या बुधवारीही फौजी आले नाहीत.

आज आले, पाचच्या आधी. चौदा नंबर दाखव म्हणाले. मी खुंटीवरून काढून टेबलावर ठेवला. त्यांनी पट्ट्यावरून हात फिरवला आणि वाजव म्हणाले. मी झडप उघडली. काटा उतरेपर्यंत आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत होतो. पंचावन्न.

"आता बरोबर वाजते," ते म्हणाले.

शिट्टी संपेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. मग त्यांनी वही पिशवीत घातली आणि विचारलं, "आता तर यात माझं काही उरलं नाही ना?"

उरलेलं नाही. म्हणून ते साक्षीदार होऊ शकतात.

७. चौदा नंबरचा संच केंद्राच्या मालकीचा आहे, तो मला कुणालाही देता येत नाही. दर सोमवारी त्याची चाचणी घ्यावी. जो आकडा येईल तो लिहावा.

ठिकाण: केंद्राची प्रशिक्षण खोली.
दिनांक: महिन्याचा तिसरा बुधवार, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं.

सही: तपासणी तंत्रज्ञ.

साक्षीदार पहिला: माजी सैनिक, धाकट्याचा थोरला भाऊ. गरज नसताना सगळं वाचून सही केली. या मृत्युपत्रात माझ्या नावे काही नाही.

साक्षीदार दुसरा: ड्रायव्हर, रुग्णवाहिका. वाचलं नाही, ऐकलं आहे. माझ्या नावेही काही नाही, याची नोंद घ्यावी.