व्याह्यांच्या नावावरची माझी संत्र्याची बाग

माननीय व्याहीबुवा प्रभाकरराव यांस किसनरावाचा सविनय नमस्कार.

इकडे सर्व खुशाल (पत्रात म्हणायचे असते म्हणून). मुख्य म्हणजे तुमच्या गुडघ्यांची चौकशी. ते कारंज्याचा बाजार, लग्ने, भजने सगळे झेपवतात आणि नेमके तहसीलीतल्या तारखेलाच धरतात असे ऐकतो. जपा.

सातबारा कॉम्प्युटरवर चढवताना कुणाचा तरी हात घसरला. माझी बाग तुमच्या नावावर गेली आणि शेजारचा तुमचा मुरमाड तुकडा माझ्या नावावर आला. तेव्हा तुम्ही हसून म्हणाला होतात, "मशीनची चूक आहे, व्याही. आपल्यात कायचं वेगळं?" मला केवढा धीर आला. तहसीलदार म्हणाले, घाबरू नका, अशी चूक दुरुस्त करायला कायदा आहे, फक्त दोघांचे जबाब हवेत. तेव्हापासून कायदा माझ्या पाठीशी उभा आहे आणि आम्ही दोघे तुमची वाट पाहतो. (दर तारखेला तुमचा निरोप असतो, गुडघे दुखतात आणि नोटीसही मिळाली नाही.)

परवा जावईबापू धनंजयराव नागपूरच्या एका गृहस्थांना घेऊन बागेत आले. जावयाचा पाहुणा म्हणून मी चटई टाकली, निवडून तोडलेली संत्री सोलून दिली. विहीर उन्हाळ्यात आटते का, असे त्यांनी विचारले, तर मी सासऱ्याच्या थाटात सांगितले की आजवर आटली नाही. झाडांचे वय, बहार, गाडीरस्ता, सगळे न विचारता सांगितले. ते गेल्यावर शेजारचा तानबा म्हणाला, "किसनभाऊ, गिऱ्हाईक होतं ते. तुमीच आपली बाग विकून राह्यले काय?" एकेक झाड मी स्वतः लावले आहे, प्रभाकरराव, आणि या बागेची दलालीही मीच केली, फुकटात. संताप फार आला. पण मुलीच्या बापाला तो गिळायची सवय असते.

विहीणबाईंना नमस्कार.

आपला,
किसनराव

ता. क. : मंगळवारी तारीख आहे. येऊन एवढेच सांगा की बाग किसनरावाची आहे.

ता. क. २ : वर्षाली माहेरी आली आहे. नोटीस तुमच्या दारात सही करून तिनेच घेतली होती म्हणे. हे तिने तहसीलदारांपुढे सांगितले, तर तुम्ही न येताही निकाल लागतो. मी तिला हात जोडले, बाई, तू येऊ नको, तुला त्याच घरात नांदायचे आहे. म्हणून विनवतो, तुम्हीच या. ती म्हणते, "नांदाचं का नाई ते मी पाहीन, बाबा. मंगळवारची एस्टी किती वाजता आहे तेवढं सांगा."