तळहातावरचं दही

अप्पा,

ऑपरेशन थिएटरचं दार ढकलून डॉक्टर बाहेर आले, तोंडावरची पट्टी खाली ओढली आणि आईला म्हणाले, ‘यांनी सकाळी काही खाल्लं होतं का?’ त्या क्षणी माझं सगळं बदललं. तुम्ही त्यानंतरही थोडे दिवस होता, यंत्र तुमच्या वतीनं श्वास घेत होतं, पण माझ्यापुरते तुम्ही त्या प्रश्नातच गेलात. साधं हर्नियाचं ऑपरेशन. भूल देताना पोटातलं वर आलं आणि फुप्फुसात उतरलं, असं डॉक्टर कन्नडमध्ये समजावत होते. आई मान हलवत होती. ‘काही नाही हो. रात्रीपासून उपाशी आहेत. पाणीसुद्धा नाही.’ ती खोटं बोलत नव्हती. तिच्या हिशेबी ते खरंच होतं.

मला मात्र सकाळचं घर दिसत होतं. मैसुरातलं, बन्नीमंटपाच्या मागचं आपलं घर, रिक्षा बाहेर थांबलेली, तुम्ही उंबऱ्यात चपला घालताय आणि आई वाटी घेऊन मागून येते. आपल्याकडे कुणी परीक्षेला निघो, मुलगी बघायला निघो, कोर्टात तारखेला निघो, तळहातावर दहीसाखर ठेवल्याशिवाय पाऊल बाहेर पडलेलं नाही. पणजोबा राजाच्या फौजेत घोड्यावर बसायचे तेव्हापासूनचं हे, असं आत्या सांगायची. तुम्ही म्हणालात, ‘अगं, काही खायचं नाही म्हणालेत.’ आई म्हणाली, ‘हे काय खाणं आहे? शकुन आहे. एवढंसं तर आहे, स्वल्प.’ तुम्ही हसलात आणि हात पुढे केलात. एकदा दिलं की पुन्हा द्यायचं असतं, म्हणून तिनं पुन्हा दिलं. तुम्ही तेही चाटून घेतलंत.

तुम्ही, अप्पा. वजनमापं खात्यातले तुम्ही. मी लहान असताना मार्केटात तुमच्यामागून फिरायचो, तुमच्या पेटीतली पितळी वजनं मखमलीत झोपलेली असायची आणि दुकानदार तुम्हाला बघून केळी पुढे करायचे, तुम्ही ती घ्यायचा नाहीत. एकदा एका फुलवालीचं वजन झिजलेलं निघालं. म्हातारी रडायला लागली. मी तुमचा शर्ट ओढून म्हणालो, सोडा की अप्पा, थोडंसं तर कमी आहे. तुम्ही सगळ्यांसमोर माझ्याकडे वळलात. ‘थोडं म्हणजे किती? ते सांग, मग सोडतो.’ मला सांगता आलं नाही. रागानं माझे कान तापले होते, तेव्हापासूनच तापतात. तिला नवीन वजन तुम्हीच आणून दिलंत, हे मला पुढे कळलं. पण त्या सकाळी उंबऱ्यात तुम्ही आईला विचारलं नाहीत, थोडं म्हणजे किती. तुम्ही हसलात फक्त. ते हसू मी अजून विसरलेलो नाही आणि त्याच्याबद्दल तुम्हाला माफही केलेलं नाही.

मी काय केलं? डॉक्टरांची कॉलर धरली. दुसरं काय येतं मला. वॉर्डबॉयनी मला जिन्यावरून खाली आणलं. तुमच्या अस्थी आम्ही टी. नरसीपूरच्या संगमात सोडल्या, काठावर आत्यानं सगळ्यांना पानावर दहीभात वाढला, आणि आईनं पान हळूच सरकवलं. ‘मला नको.’ तेवढंच. तेव्हा मला समजलं की तिलाही समजलंय. त्यानंतर कालपर्यंत आपल्या घरात विरजण लागलं नव्हतं. मैसूरमध्ये राहून दही नसलेलं घर, विचार करा. शेजारची अक्का ताक घेऊन आली तर आई दारातूनच ‘बेडा’, नको, म्हणून परत पाठवायची. तिनं कधी काही म्हटलं नाही, मी कधी काही विचारलं नाही. आम्ही दोघं एका ताटात जेवावं तसं त्या न बोललेल्या गोष्टीतून रोज थोडं थोडं खात होतो.

कॉलेज मी सोडलं, हे तुम्हाला आवडलं नसतं. हजेरी कमी पडली म्हणून विभागप्रमुख म्हणाले, आईला घेऊन ये. मी म्हणालो, आईला कशाला, तुम्ही या आमच्या घरी, बसायला जागा आहे. फाइल त्यांच्या टेबलावर टाकली आणि निघालो. इंजिनियर नाही झालो. आता हूटगळ्ळीच्या एका कारखान्यात सोनोग्राफीच्या मशीनचे प्रोब तपासतो. प्रोब म्हणजे पोटावर फिरवतात तो हाताएवढा तुकडा. आमच्याकडे एक जेलीचा ठोकळा आहे, त्याच्या आत बारीक तारा ठरलेल्या अंतरावर ताणलेल्या. प्रोबनं ठोकळ्यात बघायचं, पडद्यावर तारांमधलं अंतर मोजायचं, ते खऱ्या अंतराशी जुळलं पाहिजे. केसभर चुकलं तरी प्रोब परत. सोबतचे हसतात, ‘हा बघा, वजनमापं खात्याचा वारस.’ बारीक जाडी मोजायचा तुमचा व्हर्नियर अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, कॉलेजात जाताना दिलेला. त्याचा इथे काही उपयोग नाही. ठेवलाय.

एका मुलीबद्दल सांगायला हवं. एक दुरुस्त झालेला प्रोब घेऊन हॉस्पिटलात गेलो होतो, तिथे ती होती, भूलतज्ज्ञांच्या हाताखालची टेक्निशियन. कन्नड मुलगी, बोलण्यात तिखट. तिथल्या मोठ्या मॅडम अभ्यास करत होत्या, भूल देण्याआधी पोट खरंच रिकामं आहे का, हे मशीननं बघण्याचा. इतके तास उपाशी राहिलं की पोट रिकामं, हा शेवटी अंदाजच असतो म्हणे. माणसागणिक पोट वेगळं. मधुमेह जुना असला की पोटाच्या नसा सुस्तावतात, रात्रीचं जेवण सकाळीही तिथेच बसलेलं असतं. आता प्रोब लावून पोटाच्या खालच्या तोंडाशी बघतात, किती फुगलंय ते मोजतात, आणि मग ठरवतात. ती हे सांगत होती आणि मी तिच्याकडे बघत होतो. निरोगी माणसं हवी होती तुलनेसाठी, मी आडवा झालो. शहाळं पाजून तिनं माझं पोट बघितलं. म्हणाली, ‘तुमचं पोट लवकर रिकामं होतं. डोकं मात्र भरलेलंच राहतं का हो?’ अप्पा, पुढचे कित्येक आठवडे मी चांगले प्रोब बिघडलेत की काय, हे बघायला तिथे जात होतो. ती ओळखून होती. ‘आजही मशीन आजारी?’ असं विचारायची आणि चहा मागवायची.

मग आईच्या आतड्यात गाठ निघाली. चांगली नाही. काढायलाच हवी होती, आणि काढल्यानंतरही काय, ते कुणी छातीठोक सांगत नव्हतं. तिलाही तुमच्यासारखीच साखर, जुनी. ऑपरेशन त्याच हॉस्पिटलात ठरलं, कारण तिथे ती मुलगी होती. आदल्या संध्याकाळी आई लवकर जेवली, मग तोंडात थेंब घेतला नाही. मी स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसलो होतो. आईनं ते बघितलं आणि आत जाऊन पडली.

सकाळी तिला कुशीवर झोपवून त्या मुलीनं पोटावर जेल लावलं. मी पडदा बघत होतो. मला वाचता येतो तो, माझं कामच आहे. रिकामं पोट चपटं दिसायला हवं. हे भरलेलं होतं, धुरकट काचेसारखं. मॅडम वाकल्या, ‘अम्मा, सकाळी काय खाल्लं? खरं सांगा, रागावत नाही.’

‘काही नाही.’

‘सगळे असंच म्हणतात,’ मॅडम म्हणाल्या. नाइलाजानंच म्हणाल्या.

आणि माझे कान तापले. मी म्हणालो, ‘पुन्हा? अप्पांच्या वेळीही हेच म्हणाली होतीस. हात चाटून गेले ते तुझ्यासमोर. काही नाही, म्हणे.’ मराठीत म्हणालो, पण आवाज कुठल्याही भाषेत कळण्यासारखा होता. पलीकडच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. आई कुशीवर, पोट उघडं, जेल थंड. तिनं पदर ओढायचा प्रयत्न केला, हाताला लावलेल्या सुईमुळे तो ओढता येईना. ‘मी खोटं बोलले नव्हते रे,’ ती भिंतीकडे बघत म्हणाली. ‘शकुन दिला होता. त्याला खाणं म्हणतात, हे मला कुठे माहीत.’

त्या मुलीनंच तिचा पदर नीट केला. मग तिनं आणि मॅडमनी पुन्हा प्रोब फिरवला, आपसात बोलल्या, आणि मॅडम आईला म्हणाल्या, ‘अम्मा, चुकलं माझं. हे रात्रीचंच आहे. तुम्ही खाल्लेलं नाही, पोटानं सोडलेलं नाही.’ आज करता येणार नाही, आधी काही दिवस नुसतं पातळ घ्यायचं, मग पुन्हा बघू. मॅडमनी माफी मागितली, परक्या बाईनं. मी पिशवी उचलून लिफ्टचं बटण दाबत राहिलो.

 घरी आल्यावर आई पाण्यासारखी पातळ पेज पीत राहिली, आणि एकदा म्हणाली, नाही करायचं ऑपरेशन. का, विचारलं तर म्हणाली, ‘त्यांना मी धाडलं. मी कशाला राहू?’ किती शांतपणे म्हणाली. भाजी संपली म्हणावं तसं. मी समजावलं, ओरडलो, परत समजावलं. शेवटी काल संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर तिनंच विचारलं, ‘माझ्या पोटात रात्रीचं तसंच राहिलं होतं ना? मग त्यांच्याही राहिलं असेल का? आदल्या रात्री अवरेकाळूच्या दाण्यांचं सारू होतं, नाचणीचे मुद्दे होते. पोटभर जेवले होते ते.’ तिच्या आवाजात काहीतरी होतं, इतक्या वर्षांत मी न ऐकलेलं. ‘त्या मुलीला विचारून ये. तिला कळतं.’

मी गेलो. ती ड्यूटी संपवून गाडीच्या स्टँडवर होती. माझ्याशी बोलायला तयार नव्हती. ‘आईवर असं ओरडणाऱ्या माणसाबरोबर मला चहा प्यायचा नाही,’ म्हणाली. म्हणालो, नको पिऊस, एवढंच सांग. तिनं सगळं ऐकलं, हेल्मेट हातात धरून. मग म्हणाली, ‘तेव्हा कुणी मशीन लावून बघितलं होतं? नाही ना. मग मी काय सांगणार? रात्रीचं असेल. बहुतेक तेच असेल. दह्यानंही झालं असेल. दोन्ही मिळूनही. जे मोजलं नाही ते आता कळणार नाही हो.’ गाडी सुरू केली आणि थांबून म्हणाली, ‘उद्या सकाळी मीच बघणार आहे त्यांचं पोट. आणा त्यांना.’ गेली. माझ्यासाठी त्यात काही नव्हतं, सगळं आईसाठी होतं. तरीही तिच्या गाडीमागे मी बराच वेळ बघत राहिलो.

घरी आलो तर आई दारातच. ‘काय म्हणाली?’

मी म्हणालो, ‘रात्रीचं जेवण. दह्याचा संबंध नाही.’

‘नक्की म्हणाली?’

‘नक्की.’

‘एवढंसं दही होतं, त्यानं काही झालं नाही?’

‘काही नाही झालं.’

आई खाली बसली. रडली नाही. बराच वेळ पाय चोळत राहिली. मग म्हणाली, अर्धा लिटर दूध घेऊन ये, आणि शेजारच्या अक्काकडून चमचाभर विरजण माग. मी मागितलं तेव्हा अक्कानं दोनदा माझ्या तोंडाकडे बघितलं.

आज सकाळी आई न्हाली, तुम्ही आणलेली मोरपंखी साडी नेसली, कुंकवाच्या जागी नुसतं बोट टेकवलं. रिक्षा आली आहे. मी चपला घालायला गेलो तर ती वाटी घेऊन उभी. मी चमकलो. ती म्हणाली, ‘माझ्यासाठी नाही, घाबरू नकोस. मला नको म्हणालेत, मी घेणार नाही. जाणाऱ्याला नको तर नेणाऱ्याला तरी.’ आणि तिनं माझ्या तळहातावर दहीसाखर ठेवली. मी चाटली. तिनं पुन्हा ठेवली. थंडीचं ते नीट लागलं नव्हतं, पातळ होतं, साखर दाताखाली येत होती. ती आता देवापाशी बसलीये, तेवढ्यात मी हे संपवतोय. हात धुतलेला नाही, कागदाला लागलंय बघा.

गाठ निघेल का, माहीत नाही. भूल उतरून ती उठेल का, तेही माहीत नाही. पण ती निघाली आहे, आणि मी खोटं बोललो म्हणून निघाली आहे. दिवसभर केसाएवढी चूक पकडणारा मी, जे कुणी मोजलंच नाही त्याचं माप तिला ठणकावून सांगून आलो. तुम्ही असता तर विचारलं असतं, नक्की म्हणजे किती. मला सांगता आलं नसतं, अप्पा. आणि ती परत आली तरी मी तिला खरं सांगणार नाही.

आई हाक मारतेय. हा कागद तुमच्या रिकाम्या पेटीत, वजनांच्या खाचांवर ठेवतो. किल्ली घेतली. आई पायरी उतरली. मी दार ओढून घेतो.