सतराव्या चिठ्ठीचा दुमडलेला कोपरा

ती. एसेनगुल काकांना तालान्तचा सलाम. काकूंचे गुडघे कसे आहेत? तांबडी घोडी व्याली का?

तुम्ही निवृत्त झालात आणि शाळेतली तुमची खुर्ची माझ्या गळ्यात पडली, तेव्हापासून मी जून महिन्याला भितो. यंदा अकरावीच्या गणिताच्या तोंडी परीक्षेत पोरांनी न बघता उचलायच्या प्रश्नांच्या तीसही चिठ्ठ्या मीच लिहिल्या. सतराव्या चिठ्ठीत तुमच्या कपाटातल्या जुन्या पुस्तकातला एक इंटिग्रल उतरवला: साइनचा चौथा घात गुणिले कोसाइनचा वर्ग, शून्यापासून पायपर्यंत. मग सोडवून पाहिला (आधी सोडवायला हवा होता, कळतं मला). तीनदा सोडवला, तीन उत्तरं आली. त्यातलं एक तर उणे! सगळे घात सम असताना उत्तर उणे आलेलं बघून मला दरदरून घाम फुटला. चिठ्ठी काढून टाकावी, तर यादीवर नारीनच्या जिल्हा शिक्षण कचेरीचा शिक्का बसलेला. त्यात परीक्षेला इन्स्पेक्टर ओमुरालीएव येणार. माझी नोकरी कायम करायची की मला परत मेंढ्यांमागे धाडायचं, हे त्यांच्याच हातात.

म्हणून शक्कल लढवली. त्या चिठ्ठीचा कोपरा किंचित दुमडला. टेबलावर सगळ्या पालथ्या पडल्या तरी मला ती ओळखू येईल, आणि कुणाचा हात तिकडे वळलाच तर मी खोकून सावध करेन. पण दुमडलेला कोपरा म्हणजे मास्तरांनी आपल्या माणसासाठी ठेवलेली सोपी चिठ्ठी, हे आपल्या गावात शेंबडं पोरसुद्धा जाणतं, तेच मी साफ विसरलो. पहिलीच आली ती बुरुलचा नावाची मुलगी, तुमच्या जुन्या घराशेजारच्या लोहाराची नात. तिचा हात कोपऱ्याकडे गेला. मी खोकलो. तिला वाटलं, मास्तर खूण करतायत. माझ्याकडे बघून गोड हसली आणि तीच उचलली.

पोरीने फळा भरून टाकला आणि वळून म्हणाली, "बरोबर आहे ना, मास्तर?" मी इन्स्पेक्टरांकडे बघितलं, ते चहाच्या वाटीत बघत होते. "तुमची विद्यार्थिनी, तुम्हीच सांगा," म्हणाले. मी मान डोलावली. मग त्यांनीही घाईघाईने डोलावली. तिला पाचपैकी पाच, आणि माझी नोकरी कायम. भीती मात्र तशीच आहे; तो फळा मी अजून पुसलेला नाही.

तुमचा पुतण्या,
तालान्त

ता. क. तिचं उत्तर पाय भागिले सोळा. बरोबर असेल तर लगेच कळवा. चूक असेल तर फक्त काकूंच्या गुडघ्यांबद्दल लिहा.

आणखी एक. माझ्या अकरावीला मीही दुमडलेल्या कोपऱ्याचीच चिठ्ठी उचलली होती, आणि तुम्ही खोकला होतात. पुतण्यावरची माया, असं मी आजवर समजत आलो. पण मी फळा भरल्यावर तुम्ही कितीतरी वेळ खिडकीबाहेर बघत होतात, आणि मग मान डोलावलीत. त्या पाचांवरच मी मास्तर झालो, काका. खरं सांगा, ते गणित तुम्हाला तरी सुटलं होतं का?